निरंकाराची राय आणि सरकारी रेघ

मंडळी, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बांबरची निरंकाराची राय, म्हणजे देवराई, ज्यांनी पाहिली नसेल, त्यांनी मे महिन्यात जाऊन यावे. बाहेर शेताला भेगा पडलेल्या असतात आणि आत पाऊल चिखलात रुतते. रानटी जायफळाच्या कुळातली ती झाडे. चिखलात मुळांना श्वास मिळत नाही, म्हणून मुळे वर येतात, दुमडलेल्या गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा पाण्यात शिरतात. मी एकदा खाली बसून त्या गुडघ्यावर हात ठेवला होता. ओला, गार. अशी झाडे लावून उगवत नाहीत हो. तो ओलावा, ती सावली आधी लागते, आणि ती तयार व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

ही राय राखली कोणी? सरकारी हुकुमाने नव्हे. देवाची राय, तिथे कोयता चालवायचा नाही, एवढ्या एका धाकावर ती टिकली.

तरीही सरकारचा हुकूम मला हवा आहे, हे स्पष्ट सांगतो. खाणी आणि महामार्ग देवाला घाबरत नाहीत. 1999 साली राष्ट्रपती राजवटीत राज्यपाल जेकब यांनी म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये जाहीर केली नसती, तर सह्याद्रीच्या या पट्ट्यात आज काय उरले असते, याचा विचार करवत नाही. पण जाहीर करणे ही सुरुवात असते. मोले तर राष्ट्रीय उद्यान, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण. तिथूनच रेल्वेच्या दुसऱ्या मार्गाला मंजुरी मिळाली, आणि ती रद्द व्हायला 9 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाला बोलावे लागले. त्याआधी लोक रात्री मेणबत्त्या घेऊन चांदर गावात रुळांवर आले होते, ते विसरू नका.

आता व्याघ्र प्रकल्प. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावली गावात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा, असा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच निवाड्यात आणखी एक आदेश होता, त्यावर कोणी बोलत नाही: रानात राहणाऱ्यांचे हक्कदावे बारा महिन्यांत निकाली काढा.

अभयारण्य होऊन पाव शतक उलटले. ज्याची काजूची बाग नकाशातल्या रेघेच्या आत आली, त्याला ती आपली की सरकारची, हे अजून कोणी लेखी सांगत नाही. अशा माणसाच्या गोठ्यातली दुभती गाय वाघाने नेली, तर त्याने वाघाला आपला का म्हणावे? त्याचा दावा आधी निकाली काढा, गाईची भरपाई त्याच महिन्यात हातात द्या. आणि हे काम आमच्या आमदारांकडे मागायला आपण इथूनच एकत्र जाऊ. निवेदन दाराशी ठेवले आहे, जाताना सही करा.