एकाच डोंगरातल्या दोन मुळ्या-बिया: खाजकुइली आणि सर्पगंधा (निवेदन)

[वई, सकाळ, शेंगांचा क्लोजअप. सुरुवातीला फक्त पक्ष्यांचा आवाज]

हात लावू नका. ही शेंगेवर जी मखमल दिसतेय ना, सोनेरी तपकिरी, उन्हात चमकणारी, ती मखमल नाही, केस आहेत, सुईसारखे टोकदार, आणि नुसती वाऱ्याची झुळूक आली तरी सुटून अंगावर येतात. खाजकुइली. कोकणात वाढलेल्या माणसाला हिची ओळख करून द्यायला लागत नाही, शाळेच्या वाटेवर कुणीतरी कुणाच्या मानेवर टाकलेली असते आणि मग दोघांच्याही घरी मार बसलेला असतो.

आम्ही शूटिंग केलं जानेवारीत, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत. पावसात हा वेल गडग्यावर, वईवर, म्हणजे कुंपणावर, मिळेल त्या झाडावर चढतो, नंतर जांभळी फुलं, आणि थंडीत या शेंगा. बघा, इंग्रजी एस सारखी वळलेली असते शेंग. आत चार-पाच बिया, काळ्या, गुळगुळीत, कवडीसारख्या चकाकणाऱ्या.

[मनगट, लाल पुरळ]

हे आमच्या कॅमेरावाल्या मित्राचं मनगट. त्याने खाजेवरची नेहमीची गोळी घेतली, काही फरक नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्याला साधारण ज्या खाजा येतात त्यात बऱ्याचदा हिस्टामीन असतं आणि ती गोळी हिस्टामीनला अडवते. पण या केसांत म्युक्युनेन नावाचं एन्झाइम असतं, ते कातडीतल्या नसांच्या टोकांना दुसऱ्याच वाटेने जागं करतं, हिस्टामीनचा तिथे फारसा संबंधच येत नाही. खाज म्हणजे काय यावर जगभर जे संशोधन झालं त्यात आपल्या वईवरचे हे केस कितीतरी वर्षं वापरलेत. इकडे घरातल्या आजींनी काय केलं, ताजं शेण आणून थापलं, वाळू दिलं, आणि खरवडून काढलं, त्याबरोबर रुतलेले केस निघून आले. खाजवायचं नाही एवढं मात्र त्या दहादा बजावत होत्या, कारण खाजवलं की केस आणखी आत जातात.

[गवताचा जाळ, शेंगा]

शेंगा काढायच्या त्या भल्या पहाटे, दवाने ओल्या असताना, म्हणजे केस उडत नाहीत. मग सुक्या गवताच्या जाळावरून फिरवायच्या, केस जळून जातात, आवाज ऐका, तडतड तडतड. मग बिया सोडवायच्या. आणि आता जे दिसतंय ते मला या सगळ्या फिल्ममध्ये सगळ्यात जास्त आवडलेलं आहे, म्हणून ते जरा सावकाश बघू.

बिया फडक्यात बांधल्या, पुरचुंडी केली, आणि टोपात गाईचं दूध घेऊन त्यावर काठी आडवी टाकून ती पुरचुंडी दुधात लोंबकळत ठेवली, बुडाला टेकू द्यायची नाही. आयुर्वेदात याला दोलायंत्र म्हणतात, या घरात त्याला काहीच म्हणत नाहीत, असंच करतात एवढंच. मंद जाळ, तीनेक तास. दूध हळूहळू मळकट होत जातं. नंतर बी नरम झाली की वरचं काळं साल नखाने सोलायचं, आतली पांढुरकी डाळ उन्हात वाळवायची, जात्यावर दळायची, कुणी तुपावर परतून घेतं. याला शोधन म्हणतात. कपिकच्छू, आत्मगुप्ता ही हिची ग्रंथातली नावं, आणि कंपवातासाठी, म्हणजे हातपाय थरथरतात, चालणं अडतं त्या आजारासाठी, आज त्याला पार्किन्सन म्हणतात, वैद्य ती देत आलेत.

[प्रयोगशाळा. काचेची प्लेट, स्प्रे]

याच वईवरच्या बिया आम्ही जवळच्या एका फार्मसी कॉलेजात घेऊन गेलो. मुलांनी तीन पुड्या केल्या, एक कच्ची, एक दुधात शिजवलेली, एक भाजलेली. प्रत्येकीचा अर्क काढला आणि प्लेटवर खाली तीन ठिपके लावले, शेजारी चौथा ठिपका शुद्ध लेव्होडोपाचा, म्हणजे जो पदार्थ पार्किन्सनच्या गोळीत असतो तोच. प्लेट द्रावणात उभी केली, द्रावण वर चढलं, प्लेट वाळवली, निनहायड्रिन नावाचं रंग आणणारं रसायन फवारलं, गरम केली. आणि बघा. काही नाही, काही नाही, आणि मग जांभळं. चारही उभ्या रेषांत, एकाच उंचीवर, म्हणजे तिन्ही पुड्यांत लेव्होडोपा असल्याची खूण.

त्या पोरीचा चेहरा बघा.

मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी १९३७ सालीच खाजकुइलीच्या बियांतून हा लेव्होडोपा वेगळा काढून दाखवला होता. त्याआधी १९१३ मध्ये युरोपात गुगेनहाइमने तो बाकला घेवड्यातून काढला होता. पण तेव्हा हा पदार्थ कशाच्या कामाचा आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, पार्किन्सनशी त्याचा संबंध लागायला अजून वीस वर्षं जायची होती, आणि तो संबंध लागला तो दुसऱ्या एका झाडामुळे, आणि ते झाड याच डोंगरात आहे, वईपासून वर चढून गेलं की रानाच्या सावलीत.

[रान, सर्पगंधेची फुलं, मग हातात मुळी]

ही सर्पगंधा. गुडघाभर झुडूप, लाल देठांवर पांढरी फुलं, पिकल्यावर काळी चमकदार फळं. औषध मुळीत असतं, चव कडू, नुसती जिभेला लावली तरी बराच वेळ जात नाही. (इथे एक गोष्ट सांगूनच पुढे जातो, नाव सर्पगंधा असलं तरी साप चावला तर मुळी उगाळत बसायचं नाही, गाडी काढायची आणि अँटीव्हेनम असलेला दवाखाना गाठायचा.) मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्लड प्रेशरच्या पेशंटना ही देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यांचा पेपर आला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या लोकांनी त्यातून रेसर्पिन वेगळं केलं.

रेसर्पिन करतं काय? मेंदूतल्या पेशी डोपामीनसारखी रसायनं छोट्या पिशव्यांत साठवून ठेवतात, कणगीत भात ठेवावा तसं. रेसर्पिन त्या पिशव्या भरूच देत नाही, मग साठा संपतो. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, ससे निपचित पडले, हलेनात. मग त्याच सशांना डोपा दिला, म्हणजे लेव्होडोपाच्याच जातीचा, ज्याचं शरीरात डोपामीन होतं तो पदार्थ, आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडायला लागले. म्हणजे बघा, सर्पगंधेतल्या पदार्थाने थांबवलं आणि खाजकुइलीत असतो त्या पदार्थाने चालवलं. माझ्या डोळ्यांसमोर तर हा डोंगरच येतो, एक मुळी वर रानात, एक बी खाली वईवर, मध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर. तिथून पुढे व्हिएन्नाला हॉर्निकिविझ यांनी १९६० मध्ये दाखवलं की पार्किन्सनच्या पेशंटच्या मेंदूत डोपामीन कमी झालेलं असतं, १९६७ मध्ये कोट्झियास यांनी तोंडाने मोठा डोस देऊन लोकांना चालतं केलं, आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं.

(रेसर्पिनने काही पेशंट खूप उदास व्हायचे, ते मागे पडलं. आणि मुळीसाठी अख्खं झाड उपटावं लागत असल्याने सर्पगंधा रानातून कमी झाली, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता निर्बंध आहेत.)

[घरासमोरचं खळं, सकाळ. म्हाताऱ्याचे पाय]

आता हे घर. यांना सगळे तात्या म्हणतात, आम्हीही तात्याच म्हणू. उंबरठ्याकडे बघा. खळ्यात माणूस बरा चालतो, पडवीची पायरी चढतो, आणि उंबरठ्याशी आला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे. चप्पल तिथल्या तिथे थरथरते. सूनबाई काही बोलत नाहीत, नुसती स्वतःची काठी आडवी धरतात त्यांच्या पायासमोर जमिनीवर, आणि तात्या ती ओलांडायला म्हणून पाय उचलतात, आणि आत येतात.

सकाळी सातची गोळी, पार्किन्सनची. लेव्होडोपा आणि कार्बिडोपा अशी दोन औषधं एकत्र असतात त्यात. आणि शेजारी फडताळात, बघा, ही दुसरी डबी. खाजकुइलीचं चूर्ण. दूरच्या नात्यातल्या कुणीतरी प्रेमाने आणून दिलेलं, झाडपाल्याचं आहे, काही अपाय नाही म्हणून.

इथे मला नीट समजावून सांगायचंय, कारण आमच्या घरातही असंच झालं होतं आणि तेव्हा आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, दवाखान्यात कुणी विचारलं नाही आणि आम्ही आपणहून बोललो नाही.

लेव्होडोपा पोटात गेला की त्यातला बराचसा मेंदूत पोचायच्या आधीच, आतड्यात आणि रक्तात, डोपामीन होऊन जातो. तिथे त्याचा उपयोग नाही, उलट मळमळतं, उलटी होते. कार्बिडोपा हे होऊ देत नाही, त्यामुळे लेव्होडोपाची गरज साधारण पाऊणपटीने कमी होते, जिथे चारशे लागले असते तिथे शंभरात भागतं. आता गोळीबरोबर चूर्ण घेतलं तर काय होईल? गोळीतला कार्बिडोपा काही विचारत बसत नाही की हा डोपा कंपनीचा की वईवरचा, तो दोन्हींना राखतो. म्हणजे नुसतं चूर्ण घेतल्यावर जेवढा असर दिसला असता त्यापेक्षा गोळीसोबत घेतल्यावर जास्त. आणि बियांत लेव्होडोपा साधारण ३ ते ६ टक्के सापडतो, पाच ग्रॅमचा चमचा धरला तर एकदा १५० मिलिग्रॅम, एकदा ३००, चमचा तोच. शिवाय शिजवलं, भाजलं की आणखी बदलतो, त्या प्लेटवरचे तीन ठिपके आठवा, कच्चीचा गडद होता, इतर दोन फिके. ठिपक्याच्या रंगावरून टक्के काढता येत नाहीत, त्यासाठी एचपीएलसी नावाची, नेमकं मोजणारी यंत्रावरची चाचणी करावी लागते, पण फरक आहे एवढं डोळ्यांनी दिसलं.

[बाटलीतला अर्क, काळसर होताना]

हा तोच अर्क, उघडा ठेवला तर तासातासाने असा काळवंडत जातो. हवेने डोपा बदलतो. डबीत सहा महिने पडलेल्या चुर्णात काय उरलंय ते डबी सांगत नाही.

आणि बी चांगली नाही असं माझं मुळीच म्हणणं नाही, हे लक्षात घ्या. २००४ मध्ये लंडनला आठ पेशंटवर नीट तपासलं, ३० ग्रॅम खाजकुइलीचं चूर्ण आणि लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी, कधी काय दिलंय ते पेशंटला कळू न देता. चूर्ण लवकर लागू पडलं, साधारण पस्तीस मिनिटांत, गोळीला अडुसष्ट लागली, आणि चुर्णाचा असर ३७ मिनिटं जास्त टिकला. त्याआधी १९९५ मध्ये एचपी-२०० नावाच्या खाजकुइलीच्या औषधाचा ६० पेशंटवर बारा आठवड्यांचा अभ्यास छापून आलाय. आणि बी तर आपल्याकडचीच. आपल्या कॉलेजांतली मुलं प्लेटवर ठिपका पाडू शकतात तर तालुक्या-तालुक्यातली बी मोजू पण शकतात, कुठल्या वेलाची किती, कुठल्या महिन्यात तोडलेली किती, दुधात शिजवून किती उरतो. वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट एका टेबलाशी बसतील तर त्याच्यापुढचं पण होईल.

नंतरच्या सोळा आठवड्यांच्या एका अभ्यासात १४ पैकी ७ जणांना चूर्ण सोडावं लागलं, पोटाच्या त्रासाने नाहीतर चालणं बिघडल्याने, आणि डोस जास्त झाला तर अंग आपोआप वळवळतं, उभं राहिल्यावर प्रेशर पडतं, माणूस पडतो.

[स्वयंपाकघर. माशाचं कालवण, भात]

अजून एक, आणि हे कोकणात सांगायलाच हवं. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाटेने जातो त्याच वाटेने मासे, डाळ, कुळीथ, दूध यांतल्या प्रोटीनचे तुकडे जातात, गर्दी झाली की औषध मागे राहतं. तात्यांची दुपारची गोळी कालवण-भाताच्या ताटाबरोबर असायची, आणि चूर्ण दुधातून. मासे सोडायला कुणी सांगत नाहीये, वेळ बदलायची फक्त, आणि ती पण डॉक्टरांना विचारून, लोहाची गोळी चालू असेल तर तेही सांगून.

[वहीचं पान, पेन्सिल]

ही सूनबाईंची वही. दवाखान्यात जाताना डबीसकट घेऊन गेल्या होत्या त्या, डॉक्टरांच्या टेबलावर दोन्ही ठेवली. आम्ही पान वाचून दाखवतो, अक्षर त्यांचंच आहे.

मंगळवार. ७.०० गोळी. ८.०० चूर्ण दुधातून. ९.०० मान वळवळते. १.१५ मासे-भात. १.३० गोळी. ३.०० पाय अडकले, उंबरठा.

आणि हे पुढच्या पानावर, दोन आठवड्यांनी, डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्यानंतरचं.

मंगळवार. ७.०० गोळी. चूर्ण नाही. १२.३० गोळी. १.३० जेवण, बांगडा. २.१५ आपले आपण खळ्यात गेले. मोहोर बघून आले.