माघातलं पाणी

पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'हिवाळा सरताना मासे का लागत नाहीत' असा छापलाय. तो मी दिलेला नाही. मासे लागतात. आपण पहाटे पाचला थर्मास घेऊन काठावर बसतो, हात चोळतो, आणि साडेदहाला मासा जरा तोंड उघडायला लागतो तोवर 'आज काही खरं नाही' म्हणत मिसळ खायला उठतो. माझं म्हणणं एवढंच आहे. पण तुम्ही मला तासभर दिलाय, तर सविस्तर सांगतो.

मी बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली बरीचशी भीमा खोऱ्यात. पाणी मोजणं ही नोकरी आणि गळ टाकणं हा रविवारचा नाद. त्यामुळे एकाच धरणाकडे मी आठवड्यातून सहा दिवस टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, बघायचो आणि सातव्या दिवशी गळाच्या दोरीवरच्या बुचाच्या हालचालीत. नाद आधी लागला असता तर नोकरी जास्त चांगली केली असती, असं आता वाटतं.

फेब्रुवारीतली सकाळ डोळ्यांसमोर आणा. पुण्याच्या आसपास पारा बारा-तेरापर्यंत उतरलेला असतो, आणि धरणाच्या पाण्यावर वाफ दिसते. आपण म्हणतो, काय गारठलंय पाणी! ती वाफ नेमकं उलट सांगत असते. पाणी हवेपेक्षा उबदार आहे म्हणून ती दिसते. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे साडेतीन हजार पट तेवढ्याच पाण्याला लागते. म्हणून पाणी सावकाश थंड होतं आणि सावकाशच तापतं. हवा एका रात्रीत दहा अंश खाली येते, धरणाला तेवढं उतरायला महिने लागतात. उलटही तसंच. दुपारी तुम्ही स्वेटर काढून कमरेला बांधता, पण तीन पुरुष खोल पाण्यात बसलेल्या माशापर्यंत त्या उन्हाची बातमी पोचलेली नसते.

मासा थंड रक्ताचा. भोवतालचं पाणी जेवढं, तेवढाच तो. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की रोहू, कटला, मृगळ यांची भूक मंदावते. पचन हळू होतं, म्हणून खाणंही कमी. चिलापीला तर थंडी अजिबात सोसत नाही. पाणी पंचविशीच्या पुढे गेलं की हेच मासे आमिषाच्या गोळ्यावर तुटून पडतात. मी खिशात एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून ठेवतो. गेली काही वर्षं मुळशीच्या बाजूला एका उथळ खाचेत सकाळी सातला वीस-एकवीस आणि दुपारी तीनला चोवीसच्या पुढे, असं फेब्रुवारीत कितीदा तरी पाहिलंय. तेवढ्या तीन-चार अंशांसाठी मासा खोल पाणी सोडून काठाला येतो. मग तो खाचेत येणार दुपारी, आणि आपण गेलेले असतो घरी, जेवून वामकुक्षीला.

आता कुठे बसायचं? डिसेंबर-जानेवारीत धरणाचा वरचा थर थंड होऊन खाली बुडतो, खालचा वर येतो, आणि सगळं पाणी ढवळून एकसारखं होतं. त्या दिवसांत मासा कुठेही असू शकतो, कारण कुठेही सारखंच. फेब्रुवारीत ऊन वाढलं की वर पुन्हा उबदार साय धरते. वारा ती साय ढकलत नेतो. म्हणून वारा ज्या काठावर जाऊन आपटतो तो काठ धरा. तोंडावर वारा येतो, दोरी मागे उडते, सगळं गैरसोयीचं. पण उबेचं पाणी आणि त्याबरोबर वाहत आलेलं बारीकसारीक खाणं तिथेच साचतं. निवाऱ्याच्या काठावर बसणारे आरामात बसतात आणि आरामात रिकाम्या हाताने घरी जातात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या धरणांत काळा खडक पाण्यात उतरलेला असतो. ऊन पिऊन तो तापतो, आणि त्याच्या कडेला दुपारनंतर हमखास हालचाल दिसते.

एक अपवाद सांगायलाच हवा. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. हा मासा थंडीला भीत नाही, आणि आपल्याकडे जानेवारी ते मार्च हा त्याच्या विणीचा एक काळ. गवताळ, लव्हाळ्याच्या काठाला सकाळी सकाळी धपाधप पाणी उडतं, पाठी वर दिसतात. नवखा माणूस घाईघाईने त्या घोळक्यात गळ टाकतो. तो मासा खायला आलेला नसतो, अंडी गवताला चिकटवायला आलेला असतो. आमिषाकडे बघतसुद्धा नाही, आणि चुकून गळ पाठीत अडकला तर अंड्यांनी टम्म मादी हातात येते. अशी मादी मी सोडून देतो. परदेशातून आलेला मासा, त्याचा एवढा कळवळा कशाला, असं विचारणारे मित्र आहेत मला. त्यांचंही अगदी चुकीचं नाही.

आता हवामानापेक्षा महत्त्वाचं सांगतो. आपल्या महाराष्ट्रात फेब्रुवारीतलं पाणी आभाळ ठरवत नाही, कालवा सल्लागार समिती ठरवते. हसू नका. पाऊस नाही, बर्फ नाही, ओढे आटलेले. नदीत आणि धरणात जी काही हालचाल आहे ती आवर्तनाची, म्हणजे ठरवून कालव्याला सोडलेल्या पाण्याच्या पाळीची. रब्बीचं आवर्तन सुटलं की धरण रोज थोडं थोडं उतरतं. पाणी उतरत असताना मासा काठाला राहायला बिचकतो. आज जिथे दोन हात पाणी आहे तिथे परवा चिखल असणार, हे त्याला आपल्यापेक्षा लवकर कळतं. तो उतारावरून खाली सरकतो, जुन्या ओढ्याच्या पात्रात, बुडालेल्या बांधांच्या कडेला. आवर्तन बंद झालं, पातळी तीन-चार दिवस एका जागी टिकली, की तो परत वर येतो. माझ्या वहीत फेब्रुवारीतले चांगले दिवस जवळपास सगळे असे आहेत: आवर्तन थांबल्यानंतरचा तिसरा-चौथा दिवस, दुपार, वारा तोंडावर. तेव्हा पंचांग बघून जाऊ नका. वर्तमानपत्रात धरणसाठ्याचा तक्ता येतो, तो बघा. कालच्या आकड्याशी आजचा ताडून बघा.

तो तक्ता वाचायलाही जरा शिकावं लागतं. उजनीचं उदाहरण घ्या. मार्च-एप्रिलमध्ये 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी आली की लोकांना वाटतं धरण कोरडं पडलं. उजनीचा एकूण साठा 117 टीएमसी, त्यात उपयुक्त साधारण साडेत्रेपन्न आणि मृतसाठा, म्हणजे तळाचं, टक्केवारीत न धरलेलं पाणी, त्रेसष्टच्या वर. म्हणजे शून्य टक्के झालं तरी त्रेसष्ट टीएमसी पाणी तिथे असतं, पुण्याच्या खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून होतात त्याच्या दुपटीहून जास्त. मासा मृतसाठ्यात मरत नाही. त्याला टक्केवारी कळत नाही, त्याला कळतं काठ कुठे गेला ते.

नदीवर गणित उलटं. भीमेला सोलापूरच्या पिण्यासाठी उजनीतून पाणी सोडतात, ते आल्या आल्या पहिला लोंढा गढूळ, काडीकचरा घेऊन. तो जाऊ द्यायचा. मागून पाणी निवळतं, काठचं वाळलेलं गवत भिजतं, त्यातले किडे सुटतात, आणि वाम, शिंगाडा हे मासे काठाला येतात. बाकी वेळ नदी म्हणजे डोहांची माळ. पावसाळ्यानंतर कोल्हापुरी बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसवले की वाहतं पाणी थांबतं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तळं, खालच्या अंगाला खडक. घाटाखाली कोकणात मात्र आणखी वेगळं. भिरा वीजगृहातून पाणी सुटलं की कुंडलिका वाढते. कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीत उतरतं. तिथे कोरड्या खडकावर ऐटीत बसलेल्या माणसाच्या पायाखाली अर्ध्या तासात पाणी येतं. गावात विचारल्याशिवाय या नद्यांच्या पात्रात उतरू नका.

पायाखालच्या गोष्टी निघाल्याच आहेत तर माझी फजिती ऐका. धरण उतरलं की काठची गाळपेराची, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरतात ती गाळाची, जमीन उघडी पडते. वरून वाळून भेगा पडलेल्या, दिसायला टणक. एका फेब्रुवारीत मी धरणाच्या फुगवट्याच्या टोकाला असाच निघालो, नजर पाण्यावर, कारण तिथे मरळ माशाने वर येऊन हवेचा घोट घेतलेला मी पाहिला होता. दहावं-बारावं पाऊल टाकलं आणि खपली फुटली. गुडघा गेला, मग मांडी. हललो की आणखी खाली. मी खात्याचा माणूस, गाळाचे सर्व्हे केलेला, आणि गाळात उभा. लांब एक मेंढपाळ होता. तो आला, पण जवळ आला नाही. पंधरा-वीस फुटांवर आडवा झाला, काठी पुढे सरकवली आणि म्हणाला, "सायेब, उभं ऱ्हाऊ नका, निजा." मी निजलो. चिखलात पालथा पडून काठी धरून सरपटत आलो. एक बूट अजून तिथेच आहे. तेव्हापासून हातात काठी असते; आधी काठी रुततेय का ते बघायचं, मग पाऊल. मरळ मिळाली का, असं तो मेंढपाळ नंतर दरवेळी विचारायचा.

पहाटे पाचच्या मंडळींविरुद्ध माझा आणखी एक मुद्दा आहे. शहरांच्या खालच्या अंगाला पाण्यात सांडपाणी येतं, शेवाळ माजतं, जलपर्णी पसरते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. आपल्याला वाटतं मासा खातोय. तो बिचारा श्वास घेतोय. अशा पाण्यात ऊन चढेपर्यंत गळ टाकण्यात अर्थ नाही, आणि खरं सांगायचं तर अशा पाण्यातला मासा घरी नेण्यातही नाही.

या नद्या पूर्वी अशा नव्हत्या, हे मी म्हातारा झालोय म्हणून म्हणत नाही. कर्नल साइक्स नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं दिली. मुळा-मुठेच्या पाण्यातल्या महसीर माशाला त्याने नाव दिलं 'खुद्री'. काठच्या लोकांच्या तोंडची नावं त्याने लॅटिनच्या मागे तशीच लावून टाकली: खुद्री, नुक्ता, कोलस, फुलंगी. आज जगात कुठल्याही प्रयोगशाळेत दख्खनी महसीराचं नाव लिहितात तेव्हा आपल्या कुणा कोळ्याने उच्चारलेला शब्द लिहितात. तो कोळी कोण, ते मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. पुण्याच्या खाली मुळा-मुठेत आज खुद्री शोधायला जाऊ नका. लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांनी महसीराची पिल्लं तयार करायचं काम गेली काही दशकं चालवलंय, आणि महाडकडे वाळणकोंडासारख्या देवाच्या डोहांत लोक त्यांना हात लावत नाहीत, म्हणून तो अजून आहे. हिवाळ्यात हा मासा खोल डोहात थांबतो, नदी आटली की तेवढाच त्याचा आसरा. गळाला लागला तर पाण्याबाहेर न काढता सोडा.

परवानगीबद्दल दोन वाक्यं, कारण दरवर्षी कुणीतरी भांडण ओढवून घेतं. बहुतेक धरणांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. बीज त्यांनी पैसे भरून सोडलेलं असतं, तेव्हा आधी त्यांना विचारा. चहा पाजून हो म्हणतात, माझा तरी अनुभव चांगला आहे. कोयनेचा शिवसागर जलाशय अभयारण्याच्या कुशीत आहे, तिथे गळाची काठी नेऊच नका. सुरुंग आणि विष यांवर तर 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

चिठ्ठी आलीय. आमिष कोणतं? थंडीत गोळा लहान करा, सुपारीएवढा पुरे. शेंगदाण्याची पेंड, कणीक, थोडा ठेचलेला लसूण. पेंड ताजी हवी, खवट नको. शिंगाड्याला आणि वामेला काडू, म्हणजे गांडूळ, तोही एकच, आख्खा. आणि दोरी बारीक घ्या, कारण या दिवसांत पाणी निवळलेलं असतं, मासा दोरी बघतो. झटकाही देऊ नका. गार पाण्यातला मासा बूच बुडवत नाही, नुसतं आडवं करतो, तेवढ्यावर ओढायचं.

दुसरी चिठ्ठी: तुम्ही पुढच्या वेळी कधी जाणार? आवर्तन गुरुवारी बंद होतंय असं कळलंय, म्हणजे रविवारी. साडेदहाला, घरून नाश्ता करून. जागेचं विचाराल तर मी बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस आहे. रीतसर अर्ज करा.