आधी कुठून, मग कसं

मंडळी, विंडोजवरून लिनक्सकडे आलेला माणूस पहिल्या दिवशी हमखास एक गोष्ट करतो. ब्राउझर उघडतो, हव्या त्या प्रोग्रॅमचं नाव टाकतो, डाउनलोडचं बटण शोधतो आणि आलेल्या फाइलवर दोनदा क्लिक करतो. फाइल विंडोजची असेल, तर लिनक्सवर ती सरळ चालतच नाही. मग ‘लिनक्स फार अवघड बुवा’ असं म्हणून तो मोकळा होतो.

गंमत अशी, की हाच माणूस मोबाइलवर असं करत नाही. तिथे तो निमूटपणे ॲप स्टोअर उघडतो. लिनक्सची रीत तीच आहे, आणि ती मोबाइलच्या स्टोअरपेक्षा जुनी आहे. ॲपलचं ॲप स्टोअर आलं २००८ साली. प्रोग्रॅम आणून बसवणारं ॲप्ट हे साधन मार्च १९९९मध्ये, डेबियन या लिनक्सच्या २.१ आवृत्तीसोबत आलं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की प्रोग्रॅम कसा टाकायचा याआधी तो कुठून घ्यायचा हे विचारा.

पहिलं उत्तर, तुमच्या डिस्ट्रोची, म्हणजे तुम्ही वापरता त्या लिनक्सच्या प्रकाराची रिपॉझिटरी, म्हणजे प्रोग्रॅमचं अधिकृत कोठार. डेबियनच्या रिपॉझिटरीत ६० हजारांहून अधिक पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार गठ्ठे, आहेत. प्रत्येक पॅकेजची जबाबदारी कुणा मेंटेनरने, म्हणजे सांभाळणाऱ्याने, किंवा गटाने घेतलेली असते. तुमचा संगणक पॅकेज उतरवताना डिजिटल सही तपासतो, त्यामुळे वाटेत कुणी फाइल बदलली तर ती नाकारली जाते. शिवाय एका प्रोग्रॅमला लागणाऱ्या बाकीच्या लायब्ररी (तयार कोडचे संच), म्हणजे डिपेंडन्सी, आपोआप येतात. या लायब्ररी अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात. एखादीत सुरक्षेचं भोक सापडलं, की ती एका जागी दुरुस्त होते आणि तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्रॅम सावरतात.

रिपॉझिटरीतून पॅकेज आणणारं साधन डिस्ट्रोप्रमाणे बदलतं: उबुंटू, मिंट आणि डेबियनवर ॲप्ट, फेडोरावर डीएनएफ, आर्चवर पॅकमॅन. तुम्हाला टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, धास्ती वाटत असेल तर मेनूतलं सॉफ्टवेअर सेंटर उघडा आणि खुशाल माउसने काम करा. त्यात कमीपणा काही नाही. पण अडचण आली की मदत करणारा माणूस तुम्हाला टर्मिनलमधलीच ओळ देतो, म्हणून ॲप्टच्या दोन आज्ञा ओळखीच्या असू द्या. त्यांतल्या ‘सुडो’चा अर्थ, हे काम प्रशासकाच्या अधिकाराने कर. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ प्रोग्रॅमला हात लावत नाही, फक्त रिपॉझिटरीतली यादी ताजी करून आणतो. नंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे पॅकेजचं नाव. पासवर्ड विचारेल तेव्हा टाइप केलेलं बऱ्याच डिस्ट्रोंवर पडद्यावर काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही. टाइप करा, एंटर मारा.

पॅकेज सापडत नाही असा संदेश आला, तर बहुधा स्पेलिंग चुकलंय किंवा यादी शिळी आहे. लॉक, म्हणजे एका वेळी एकच काम चालावं म्हणून लावलेलं कुलूप, मिळत नाही असं ॲप्ट म्हणाला, तर बहुधा मागे आपोआप अपडेट चालू आहे. ते संपेपर्यंत थांबा. लॉकची फाइल उडवून टाका असा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. तो ऐकू नका, अर्धवट राहिलेलं काम निस्तरणं जास्त कटकटीचं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काम सुरू करण्याआधी गरज असेल तिथे ॲप्ट सांगतो, की हे टाकणार, हे काढणार, हो म्हणू का? नवखा डोळे मिटून ‘वाय’ दाबतो. २०२१ साली लायनस सेबॅस्टियन या यूट्यूबरने पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हा गेमचा प्रोग्रॅम टाकायला घेतला. त्या वेळी पॅकेजमध्येच घोळ होता, आणि ॲप्टने काढायच्या यादीत चक्क डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनू दाखवणारा सगळा पसारा, दाखवला. धोक्याची सूचना दिली, ‘यस, डू ॲज आय से’ हे पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं. त्याने केलं, आणि डेस्कटॉप गेला. दोष पॅकेजचा होता हे खरं, पण सूचनाही समोरच होती. पुढे ॲप्टने ही वाट आणखी अवघड केली. काढायच्या यादीत अनोळखी नावांची रांग दिसली, की नाही म्हणा.

रिपॉझिटरीबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे तिथली आवृत्ती जुनी असते. डेबियन स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियनच्या तपासून स्थिर केलेल्या शाखेत, ती असतेच. पण मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या नव्या आवृत्त्यांत मागचा दरवाजा, म्हणजे चोरून शिरायची वाट, बसवल्याचं आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने उघड केलं, तेव्हा डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत तो पोहोचला होता. स्टेबल वापरणारे वाचले. त्यामुळे माझा कल जुन्याकडे आहे.

नवंच हवं असेल तर फ्लॅटपॅक हा पॅकेजचा वेगळा प्रकार बघा. तो लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी सोबत आणतो, म्हणून जागा जास्त खातो, पण मूळ सिस्टिमला धक्का लावत नाही. स्नॅप आणि ॲपइमेज हे त्याच वळणाचे. निर्मात्याच्या साइटवरची डेब फाइल, म्हणजे डेबियन-उबुंटूसाठीचं सुटं पॅकेज, त्यानंतर. आणि कर्ल या डाउनलोडच्या आज्ञेने एखादी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, उतरवून ती न वाचताच सुडोने चालवायची, ही पद्धत अगदी शेवटची. सुरुवातीला तर नकोच.

काढताना ‘रिमूव्ह’ प्रोग्रॅम काढतो, पण सिस्टिममधल्या सेटिंग मागे ठेवतो. ‘पर्ज’ त्याही काढतो. तुमच्या होम फोल्डरमधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरांना मात्र दोघंही शिवत नाहीत. एखादा प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला तरी तसाच बिघडलेला राहिला, तर फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबा, त्याचं फोल्डर शोधा, नाव बदलून ठेवा आणि प्रोग्रॅम पुन्हा उघडून बघा.