आईचं लिव्हर, बाळाचं लिव्हर

[दृश्य: कळमना मार्केट, संत्र्यांचे ढीग]

मृग बहाराची संत्री आली की नागपुरात एक सल्ला हमखास कानावर येतो: पिणाऱ्याला संत्री द्या, लिव्हर साफ होतं. संत्र्यातलं क जीवनसत्त्व अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची अशी झीज रोखणारं द्रव्य आहे, हे खरंच. पण हा सल्ला पिणाऱ्या पुरुषाला मिळतो. पिणारी बाई गरोदर असली, तर त्या घरात कुणी तोंडच उघडत नाही.

दारूचं लिव्हरमध्ये आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, दारूहूनही जहाल. सतत पिणाऱ्यांत त्याबरोबर फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर कण, वाढतात. पेशींच्या आवरणातली चरबी जुन्या तेलासारखी खवट होऊ लागते. याला आवरायला लिव्हर स्वतःच ग्लुटाथायोन नावाचं अँटिऑक्सिडंट बनवतं. रोजच्या पिण्यानं तो साठा आटतो.

[दृश्य: सोनोग्राफीचा पडदा]

आता बाळाचं बघा. वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला आईशी जोडणारी प्लॅसेंटा, दारूला अडवत नाही. आईच्या रक्तातली दारू थेट बाळापर्यंत पोचते. ती मोडणारं एन्झाइम बाळाच्या कोवळ्या लिव्हरमध्ये फारच कमी असतं. शिवाय दारू गर्भजलात उतरते, आणि बाळ तेच पाणी पुन्हा गिळतं. बाळंतपणानंतर दुधातूनही ती जाते. थंडीत बाळंतिणीला चमचाभर ब्रँडी पाजा म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं.

गाभण उंदरिणींवर प्रयोग झालेत. दारूसोबत ई जीवनसत्त्वासारखे अँटिऑक्सिडंट दिले, तेव्हा आई आणि पिल्लं दोघांच्याही लिव्हरची हानी कमी दिसली. कमी; थांबली नाही. माणसांत तर आशा आणखी तोकडी पडते. दारूनं लिव्हरला गंभीर सूज आलेल्या रुग्णांना स्टेरॉइडसोबत एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे ग्लुटाथायोन वाढवणारं औषध दिलेली फ्रान्समधली चाचणी 2011 साली प्रसिद्ध झाली. पहिल्या महिन्यात मृत्यू घटले, सहा महिन्यांनी मात्र ठोस फरक उरला नाही. पिणं चालू ठेवून गोळीनं पोटातलं बाळ वाचतं, असं कुठंच सिद्ध झालेलं नाही. संत्र्यानंही नाही.

दारू सुटली, की लिव्हरवरची नुसती चरबी काही आठवड्यांत उतरू शकते. मात्र रोज पिणाऱ्या गरोदर बाईची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हातपाय थरथरतात, झटके येतात, बाळालाही धोका होतो. तिला नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या, किंवा डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात न्या. रोज किती पिते ते डॉक्टरांना खरं सांगा, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व आणि औषधं देऊन, देखरेखीखाली ती सोडवता येईल. व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन 14446. फोन सासूनं लावला तरी चालतो, नवऱ्यानं लावला तरी चालतो.