वाईट बातमी बरीच खाली

कंपन्यांच्या गोलमोल कार्यालयीन बोलीचा हा एक नमुना. संगणकाच्या पडद्यावर उघडलेलं हे पत्र 17 जुलै 2014 चं. मायक्रोसॉफ्टचे अधिकारी स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना धाडलेलं. नोकियाचा फोनचा धंदा विकत घेऊन तीन महिनेही झाले नव्हते. सुरुवात अगदी मोकळीढाकळी: 'हॅलो देअर'. मग धोरण, उत्पादकता, 'अलाइन' करणं, कोणता फोन कुठल्या ग्राहकासाठी... वाचणारा खाली सरकतोय, मजकूर काही संपत नाही. बरंच खाली गेल्यावर एक वाक्य येतं: वर्षभरात अंदाजे 12,500 कर्मचाऱ्यांची घट.

कोण काढतंय, याचा पत्ता नाही. घट आपोआप 'होते', पाऊस पडावा तशी.

ही कार्यालयीन बोली बरीचशी उसनवारीची. 'बँडविड्थ' (ऑफिसात अर्थ: हाताशी असलेला वेळ आणि ताकद) रेडिओवाल्या तंत्रज्ञांकडून आली. 'डाउनसाइझिंग' 1970 च्या दशकात अमेरिकेत मोटारींबद्दल बोललं जायचं. गाड्या आकाराने लहान करायच्या होत्या. पुढे तेच माणसांना, म्हणजे नोकरकपातीला, लागू झालं.

परिभाषेशी भांडण नाही, बरं का. एका हिशेबनीसाने 'डेप्रिसिएशन' (घसारा) म्हटलं की दुसऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. घोळ आहे तो 'यावर सर्कल बॅक करू', म्हणजे 'नंतर पुन्हा बोलू', मध्ये. कोण करणार? कधी? मीटिंग उठते, मिनिट्समध्ये 'ॲक्शन आयटम' (करायचं काम) चढतो आणि त्याच्यापुढचा नावाचा रकाना रिकामाच राहतो. पुढच्या आठवड्यात तोच आयटम, तोच रकाना.

कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीने 1980 च्या दशकात कहरच केला. सल्लागार चार्ल्स क्रोन यांच्या विचारांवर आधारलेलं प्रशिक्षण सुरू झालं आणि त्यातली अगम्य भाषा कामावर बोलली जाऊ लागली. कर्मचाऱ्यांनी त्याचं नाव पाडलं 'क्रोनिंग'. तक्रारी वाढल्या, राज्याच्या नियामक आयोगाने खर्चात लक्ष घातलं, आणि 1987 मध्ये वर्ग थांबवावे लागले. यात कोट्यवधी डॉलर गेले होते.

2010 मध्ये अमेरिकेने सोप्या लिखाणाचा कायदाही केला. केंद्र सरकारच्या खात्यांनी जनतेसाठी लिहिताना तिला कळेल असं लिहावं, एवढंच त्यात आहे. खाजगी कंपन्यांना तो लागू नाही. तिथे कुणीतरी मधेच थांबवून विचारावं लागतं, 'म्हणजे नक्की कोण करणार?' मोठ्या साहेबांनी विचारलं तर खपून जातं. नुकताच लागलेला मात्र मान डोलावतो आणि जागेवर येऊन शेजारच्याला हळूच विचारतो. बऱ्याचदा शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं.