जिभेखालचा लगाम

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी सात मिनिटं दिलीत, आणि घरून निघताना मुलाने बजावलंय, "बाबा, सुटकेसची गोष्ट नको."

गेल्या रविवारी जेवताना मी ती काढली होती. या देशात आलो तेव्हाच्या दोन सुटकेस, एकीत फुटलेली लोणच्याची बरणी... जाऊ दे, तुमचीही फुटलीच असेल. मुलगा वैतागला, "बाबा, प्लीज रिफ्रेन!" म्हणजे, आवरा आता. नऊ वर्षांची नात शाळेच्या कॉयरमध्ये गाते. ती इंग्रजीत म्हणाली, "पण डॅडी, आजोबा तेच तर करतायत!" तिच्या लेखी रिफ्रेन म्हणजे ध्रुवपद. कडवं संपलं की परत तेच.

सूनबाई हसली, मुलगा ताट उचलून उठला, मी कोश उघडला. हे दोन शब्द दिसायला जुळे, पण सख्खे नाहीत. गाण्यातला रिफ्रेन 'मोडणे' या अर्थाच्या लॅटिन धातूचा; फ्रॅक्चर त्याच घरातलं. तो गाणं मधेमधे तोडतो. स्वतःला आवरण्याचा रिफ्रेन 'फ्रेनुम'वरून आला. फ्रेनुम म्हणजे घोड्याचा लगाम. फ्रेंचमार्गे १४व्या शतकात दोघेही इंग्रजीत पोचले, तोवर चेहरे एकसारखे झालेले.

फ्रेनुम वाचून मी चमकलो. ३४ वर्षं मी लोकांच्या तोंडात डोकावलोय. जीभ उचलली की खाली मधोमध पातळ घडी दिसते, तिला आम्ही दंतवैद्य फ्रेन्युलम म्हणतो. छोटा लगाम! (आत्ता नका बघू, घरी आरशात बघा.) जिभेला हाड नसतं म्हणतात, पण लगाम जन्मापासून असतो. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा उपयोग नाही, तिथे अंगठे बोलतात. काही बाळांचा तो फार आखूड असतो, जीभ नीट हलत नाही; मग बारीक छेद देऊन सोडवावी लागते.

नातीचा आखूड नाही, मी तपासलाय. तरी ती मराठी बोलत नाही. पाच वर्षांची असताना "माझा आजी आला" म्हणाली होती. आम्ही पोट धरून हसलो. पाहुण्यांपुढे पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा हसलो. ध्रुवपदच केलं त्याचं. हसू नका, तुमच्याही घरी हेच चालतं, मी पाहिलंय.

त्या रविवारी भांडी आवरताना मी तिला विचारलं, "तुला आवडते का गं माझी सुटकेसची गोष्ट?" तिने तोंड उघडलं, एकदा आजीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि इंग्रजीत उत्तर दिलं.