लाळ भात पचवते का? चला, बशीत बघू

नमस्कार. टेबलावर भाताची पेज आहे, थोडी लाळ आहे, जखमेवर लावतात ते पोव्हिडोन आयोडीन आहे आणि पांढरं व्हिनेगर आहे. एवढ्यावर विकर, म्हणजे एन्झाइम, काम करताना डोळ्यांनी दिसतं.

पाव चमचा तांदळाचं पीठ एक वाटी पाण्यात कालवून दोन मिनिटं उकळा आणि कोमट होऊ द्या. ही घाई करू नका. गरम पेजेत लाळ घातली की विकराच्या रेणूची घडी उलगडते, आणि पेज नंतर थंड केली तरी ती घडी परत बसत नाही. पीठही जास्त नको, नाहीतर अर्धा तास वाट बघूनही रंग हलणार नाही.

आता तीन छोटे पेले घ्या. प्रत्येकात दोन चमचे पेज. पहिल्यात अर्धा चमचा पाणी. दुसऱ्यात अर्धा चमचा लाळ. आधी चूळ भरा आणि लाळ स्वतःचीच घ्या. तिसऱ्यात आधी अर्धा चमचा व्हिनेगर घालून ढवळा, मग अर्धा चमचा लाळ. तिन्ही पेले कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. पाणी साधारण 37 अंश, म्हणजे अंगाइतकंच गरम असावं.

आयोडीन दहापट पाण्यात पातळ करून त्याचे थेंब चिनीमातीच्या बशीवर ओळीनं टाका. भातातल्या स्टार्चला, म्हणजे पिष्टमय पदार्थाला, आयोडीन लागलं की ते निळं पडतं. कागदी प्लेट घेऊ नका, बऱ्याच कागदात स्टार्च असतो आणि कागदच निळा पडतो. दर मिनिटाला प्रत्येक पेल्यातला एक थेंब एकेका आयोडीनच्या थेंबात सोडा. प्रत्येक पेल्याला चमचा वेगळा हवा. लाळेचा चमचा चुकून पहिल्या पेल्यात गेला, तर तिथलाही स्टार्च तुटायला लागेल.

(कॅमेरा बशीवर, अगदी जवळून)

ही बघा दुसऱ्या पेल्याची ओळ. पहिला थेंब शाईसारखा निळाकाळा. पुढचे जांभळट. मग तांबूस. आणि इथे आयोडीनचा तपकिरी रंग जसाच्या तसा राहिला. स्टार्चची लांब साखळी लाळेतल्या अमायलेज या विकरानं, पाठ्यपुस्तकात त्याला टायलिन म्हणतात, तोडून टाकली. पहिला आणि तिसरा पेला मात्र निळेच आहेत.

व्हिनेगरऐवजी लिंबू पिळायचा मोह होईल, पण लिंबू इथे फसवतं. त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवतं, आणि स्टार्च जागेवर असूनही तो पचला असं वाटतं. ओळखायचं कसं? तपकिरी रंगसुद्धा गेला असेल, तर आयोडीन संपलं आहे.

तिसरा पेला म्हणजे तुमचं जठर. तिथलं आम्ल व्हिनेगरपेक्षाही तीव्र असतं. घासाच्या गोळ्यात ते आतपर्यंत मुरेतो लाळेचं काम चालू राहतं, मग थांबतं. त्याच आम्लात पेप्सिन हे जठरातलं विकर मात्र जागं होतं. जठराची भिंत त्याला पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात सोडते. आम्ल लागल्यावर ते प्रथिनं तोडू लागतं. भिंतीतच जागं झालं असतं, तर तिथल्या पेशीच पचवल्या असत्या.

स्टार्चचं खरं मोठं काम त्यापुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला होतं. स्वादुपिंडाच्या रसातलं बायकार्बोनेट आम्ल शमवतं आणि त्याच रसातलं अमायलेज राहिलेला स्टार्च तोडतं. म्हणून नीट चावणं चांगलंच, पण सगळा भात तोंडातच पचवायला हवा असं नाही.

आणि निळा रंग गेला म्हणजे पचन पूर्ण झालं, असंही समजू नका. आता उरलेत माल्टोजसारखे छोटे तुकडे. तेही रक्तात थेट जात नाहीत. आतड्याच्या भिंतीवरचं माल्टेज त्यांचं ग्लुकोज करतं, तेव्हा ते शोषलं जातं.

ज्यांच्या स्वादुपिंडातून पुरेसे विकर येत नाहीत, त्यांना डॉक्टर विकरांच्या कॅप्सूल देतात. त्यांतल्या दाण्यांवर आम्लात न विरघळणारं आवरण असतं. ते चावून किंवा कुटून घेतले, तर विकर तिसऱ्या पेल्यासारखेच जठरात निकामी होतात, शिवाय तोंड सोलवटतं. आणि कॅप्सूल रिकाम्या पोटी नाही, जेवणाबरोबर घ्यायची, म्हणजे अन्न आणि विकर आतड्यात एकत्र पोहोचतात.